उन्हाचा बंब

आमच्या गच्चीवर उन्हाने पाणी तापवणारा बंब आहे. वर टाकी, खाली तिरप्या काचेच्या नळ्या. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप टाकीत चढते, गार पाणी नळीत उतरते. सरपण नको की वीज नको.

गेल्या मे महिन्यात टाकी रिकामी पडली होती. आबांनी भर दुपारी पाणी सोडले आणि फट्‌दिशी एक नळी फुटली! रिकामी नळी उन्हात भयंकर तापते. एकदम गार पाणी लागले की काच तडकते. आता आम्ही ऊन चढायच्या आत पाणी भरतो.

नळीला थर्मासासारख्या दोन भिंती, मध्ये निर्वात पोकळी. टोकाचा चंदेरी डाग पांढरा पडला, की आत हवा शिरली असे समजावे.

टाकीवरची उभी नळी हवा व वाफ जाण्यासाठी असते. काकाने पाखरे शिरतात म्हणून तिच्यात चिंधी कोंबली होती! दाबाने टाकी फुटू शकते, असे गुरुजींनी सांगितले. मी धावत जाऊन ती काढायला लावली.

उन्हाळ्यात पाणी 60 अंशांच्याही वर जाते. म्हणून बादलीत आधी गार पाणी घ्यावे, मग गरम. आमच्या छकुलीच्या हाताला फोड आले होते. ती अजून त्या तोटीजवळ जात नाही.