मानेतली गाठ: टीबी समजू नका, तपासून घ्या



यावेळी आरोग्याच्या पानावर अशा एका कॅन्सरबद्दल लिहीत आहोत, ज्याचं नाव वस्तीत फारसं कुणाला ठाऊक नसतं. घरात तो आला की बहुतेक वेळा आधी टीबी समजला जातो. त्याचं नाव लिम्फोमा. त्यातही जो झपाट्याने वाढतो, त्याच्याबद्दल आज बोलू. हा झपाट्याने वाढणारा प्रकार औषधाने मुळापासून बरा होऊ शकतो, आणि म्हणूनच उशीर झाला की जास्त जीवाला लागतं.

आमच्या गल्लीत एक रिक्षावाले दादा राहतात. वय पंचेचाळीस. त्यांनी परवानगी दिली म्हणून सांगतो, नाव मात्र लिहीत नाही. त्यांच्या मानेला डाव्या बाजूला आवळ्याएवढी गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही. पुढे संध्याकाळी ताप यायला लागला, रात्री बनियन पिळून काढावा इतका घाम, आणि पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. एका दवाखान्यात गाठ हाताने चाचपून "टीबी आहे" असं सांगितलं आणि गोळ्या सुरू झाल्या. ना थुंकी तपासली, ना गाठ. चार महिने दादांनी एकही गोळी चुकवली नाही. गाठ लिंबाएवढी झाली, मग मोसंबीएवढी. शेवटी वहिनी हट्टाला पेटल्या, मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेल्या, तिथे गाठीचा तुकडा तपासला. रिपोर्टात लिहिलं होतं, डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा.

आता हे लांबलचक नाव सोपं करू. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, हे आपल्याला माहीत आहे. अवधाण म्हणजे सुजलेली लसिका ग्रंथी. अशा शेकडो छोट्या ग्रंथी मान, काख, जांघ, छाती आणि पोटात असतात. रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या त्या जणू चौक्या. या पेशींपैकी एक जात म्हणजे लिम्फोसाइट. तीच पेशी बिघडली आणि बेसुमार वाढू लागली की लिम्फोमा होतो. 'बी-सेल' हा त्या लिम्फोसाइटचा एक प्रकार, 'लार्ज' म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या दिसणाऱ्या पेशी, आणि 'डिफ्यूज' म्हणजे गाठीभर पसरलेल्या. लिम्फोमाचे हॉजकिन आणि नॉन-हॉजकिन असे दोन मोठे गट आहेत. हा नॉन-हॉजकिन गटातला, आणि त्या गटात सर्वात जास्त आढळणारा. तरुणालाही होतो, म्हाताऱ्यालाही.

का होतो? बहुतेकांच्या बाबतीत कारण सापडत नाही. एचआयव्ही असलेल्यांना किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना धोका जास्त असतो. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मागच्या जन्मीचं पाप वगैरे बोलणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावं. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही गाठ आली की कुणीतरी अंगारा घेऊन येतं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

टीबीचा घोळ का होतो, हे नीट समजून घ्या. मानेच्या गाठींचा टीबी, म्हणजे आपल्या आज्या ज्याला गंडमाळा म्हणायच्या, तो आपल्याकडे खरोखरच खूप आहे. दाटीची घरं, कोंदट हवा, अपुरं खाणं, सगळं त्याला पोषक. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं ही लक्षणं दोन्ही रोगांत सारखी असतात. त्यामुळे डॉक्टरांच्या मनात टीबी आला तर त्यात चूक नाही. चूक आहे ती न तपासता औषध सुरू करण्यात. गाठीतला टीबी गाठीतूनच नमुना घेऊन तपासता येतो. सीबीनॅट नावाची तपासणी सरकारी टीबी केंद्रांमार्फत फुकट होते.

दोन आठवड्यांहून जास्त राहिलेली, वाढत चाललेली, रबरासारखी लागणारी आणि न दुखणारी गाठ डॉक्टरांना दाखवाच. सहा महिन्यांत वजन दहावा हिस्सा उतरलं असेल, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं सहा किलो, तर तेही आवर्जून सांगा. टीबीची औषधं चालू असताना गाठ वाढतच राहिली किंवा नवी गाठ आली तर "पुन्हा तपासणी करा" असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. पण टीबीच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. कुणाकुणाला खरोखर टीबीच असतो, आणि अर्धवट सोडलेला टीबी पुढे औषधाला दाद देत नाही.

तपासणीत पहिल्यांदा बहुधा बारीक सुईने पाणी काढतात. त्यातून अंदाज येतो, पण लिम्फोमाचा प्रकार पक्का ठरवायला ते पुरत नाही. त्यासाठी पूर्ण गाठ किंवा तिचा चांगला मोठा तुकडा लागतो, आणि त्या तुकड्यावर पेशींची ओळख पटवणाऱ्या आणखी तपासण्या होतात. "चाकू लावला की कॅन्सर पसरतो" असं वस्तीत सर्रास बोललं जातं. ते खरं नाही. तुकडा काढल्याने लिम्फोमा पसरत नाही. तुकडा न काढता घालवलेल्या महिन्यांत मात्र तो पसरतो.

आणखी एक धोका आहे, त्याची चर्चा कुणी करत नाही. गल्लीतल्या दवाखान्यात तापावर, अंगदुखीवर कित्येकदा स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा गोळ्या देतात. स्टेरॉइडने लिम्फोमाची गाठ काही दिवस विरघळल्यासारखी होते, माणसाला बरं वाटतं. मग तुकडा काढला तरी त्यात नेमकं काही दिसत नाही आणि निदान लांबतं. गाठ असेल तर तुकडा निघेपर्यंत कुठलंही अनोळखी इंजेक्शन घेऊ नका, आणि घेतलं असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

निदान झालं की रोग कुठवर गेला ते पाहतात. पेट-सीटी नावाचं स्कॅन, रक्ताच्या तपासण्या, कधी हाडातला मगज, हृदयाची टू-डी इको. एचआयव्ही आणि कावीळ ब, क यांच्या तपासण्याही होतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कावीळ ब अंगात दबून असेल तर उपचारामुळे ती उसळून येऊ शकते, म्हणून आधी त्यावर गोळी सुरू करतात. मग सांगतात, पहिली स्टेज, दुसरी, तिसरी, चौथी. दादांची चौथी निघाली आणि त्यांच्या घरात त्या रात्री चूल पेटली नाही. इथे आम्हाला जोर देऊन सांगायचं आहे की या रोगात चौथी स्टेज म्हणजे शेवट नव्हे. रक्त आणि लसिका अंगभर फिरतात, त्यामुळे अनेकांचा रोग सापडतो तेव्हाच दूरवर गेलेला असतो. औषधही रक्तातूनच जातं, जिथे रोग तिथे पोचतं. चौथ्या स्टेजचे रुग्णही बरे होतात.

उपचाराचं नाव आर-चॉप. पाच औषधांची आद्याक्षरं जोडून ते झालं आहे. त्यातली चॉपची चार औषधं १९७०च्या दशकापासून वापरात आहेत. पाचवं रितुक्सिमॅब. बी-पेशीच्या अंगावर सीडी-२० नावाची खूण असते, ती ओळखून ते पेशीला चिकटतं आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीकडून तिला मारवतं. २००२ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी साठ ते ऐंशी वयाच्या ३९९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चॉपला रितुक्सिमॅबची जोड दिलेले रुग्ण नुसत्या चॉपवाल्यांपेक्षा जास्त जगले, हे त्यात दिसलं, आणि तिथून उपचार बदलला. परदेशी रितुक्सिमॅब आपल्याला परवडणारं नव्हतं. २००७ पासून भारतात बनलेलं मिळू लागलं आणि किंमत खाली आली. आज हा उपचार पूर्ण करणाऱ्या दहांपैकी साधारण सहा जण कायमचे बरे होतात.

या पाचांतलं व्हिन्क्रिस्टीन कुठून आलं ठाऊक आहे? आपल्या दारात पत्र्याच्या डब्यात लावलेल्या सदाफुलीतून. म्हणून कुणी सदाफुलीच्या पानांचा काढा पिऊ नये. झाडात ते औषध अगदी नखभर असतं, शुद्ध करून मोजून शिरेतून द्यावं लागतं, आणि पानांत दुसरी विषारी द्रव्यंही असतात.

साधारणपणे दर २१ दिवसांनी एक फेरी, अशा सहा फेऱ्या. सलाईन एक दिवस, प्रेडनिसोलोनच्या गोळ्या पाच दिवस. गोळ्या नाश्त्यानंतर घ्यायच्या. मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखर वाढते, तपासत राहा. पहिल्या सलाईनला थंडी वाजून अंग थरथरलं तर लगेच सिस्टरना सांगा, सलाईनचा वेग कमी करून ते आटोक्यात येतं. लाल रंगाच्या औषधानंतर लघवी एक-दोन दिवस लालसर होते, ते रक्त नसतं. केस जातात, पुन्हा येतात. बद्धकोष्ठ होतं, बोटांना मुंग्या येतात, तोंड येतं. पुढे मूल हवं असेल तर पहिल्या फेरीआधीच डॉक्टरांशी बोला, नंतर बोलून उपयोग होत नाही.

सर्वात जपायचे दिवस म्हणजे फेरीनंतरचा दुसरा आठवडा. तेव्हा पांढऱ्या पेशी तळाला जातात. घरात थर्मामीटर हवाच. ताप १००.४ फॅरेनहाइटला पोचला की क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा, आणि दारातच सांगा की केमो चालू आहे. अशा तापात काही तासांत माणूस हातचा जातो.

पाणी उकळून गार केलेलं द्या, नळ दोन दिवसांआड येत असेल तर साठवलेलं तर नक्कीच उकळा. अंडी, मासे, मटण बंद करायचं कारण नाही. नीट शिजलेलं सगळं चालतं आणि अंगाला लागतं. गाड्यावरचं, कापून ठेवलेलं फळ, कच्ची कोशिंबीर टाळा. भेटायला येणाऱ्यांना प्रेमाने सांगा की सर्दी-खोकला असेल तर फोनवर बोला. सलाईननंतर दोन दिवस रुग्णाच्या लघवी-संडासात औषधाचा अंश असतो. सार्वजनिक संडासात दोन बादल्या जास्त पाणी टाका, कपडे धुताना हातमोजे घाला.

एवढी काळजी पुरे आहे. पण काही घरांत रुग्णाचं ताट वेगळं, पेला वेगळा, अंथरूण दाराजवळ. वेगळ्या पेल्याचा अर्थ आपल्या समाजाला कुणी समजावून सांगायला नको. दादांच्या ताटात त्यांची धाकटी मुलगी रोज जेवायची, डॉक्टरांना विचारूनच.

दुसऱ्या फेरीपर्यंत गाठ बहुधा हाताला लागेनाशी होते, आणि इथेच माणसं फसतात. "बरं झालं की, कशाला रोज बुडवायचा?" दादाही तिसऱ्या फेरीनंतर असंच म्हणाले होते. रिक्षाचा हप्ता थकला होता. विहारातल्या महिला मंडळाने दर रविवारी डबा फिरवला, हप्त्याची दोन महिन्यांची सोय केली, तेव्हा चौथी फेरी वेळेवर झाली. मधेच सोडलेला लिम्फोमा परत येतो, आणि परत आलेल्याला आवरणं फार कठीण.

पैशाबद्दल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. ती कॅशलेस आहे. म्हणून आधी खिशातून भरू नका. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि तुकड्याचा रिपोर्ट घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी गाठा, कोणती औषधं आणि तपासण्या योजनेत बसतात ते लिहून मागा. त्यात न बसणाऱ्या खर्चासाठी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा, मंगळसूत्र गहाण टाकण्याआधी. कॅन्सर रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वे तिकिटात सवलत आहे, फॉर्म हॉस्पिटल भरून देतं. मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलात जाणाऱ्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहण्याची सोय होते. विदर्भातल्या लोकांना नागपूरला आणि मराठवाड्यातल्यांना छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर रुग्णालयात उपचार मिळतो. सहा फेऱ्यांसाठी दर वेळी मुंबई गाठायलाच हवी असं नाही.

औषधाने रोग हटला नाही किंवा परत आला तर जास्त कडक केमो आणि स्वतःच्याच मूळपेशींचं प्रत्यारोपण करतात. आयआयटी मुंबई आणि टाटा हॉस्पिटल यांच्या संशोधनातून आलेल्या कार-टी उपचाराला २०२३ साली भारतात मान्यता मिळाली. परदेशापेक्षा स्वस्त असला तरी अजून तो लाखोंच्या घरात आहे.

दादांचं शेवटचं स्कॅन स्वच्छ आलं. थंडीत बोटांना अजून मुंग्या येतात, पण रिक्षा चालवतात. रोग परत यायचा तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत येतो, म्हणून या काळात त्यांना दर तीन महिन्यांनी बोलावलं आहे. पुढची तारीख वहिनींनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर निळ्या पेनाने गोल करून ठेवली आहे.