जपानचे आधुनिकीकरण आणि परिभाषा
१८५३ मध्ये पेरीची अमेरिकन जहाजे आली आणि जपानच्या दोनशेहून अधिक वर्षांच्या बंदिस्तपणाला तडा गेला. परंतु नागासाकी बंदरातील देजिमा बेटावरच्या डच वखारीतून पाश्चात्त्य विद्या आधीच झिरपत होती. १७७४ मध्ये सुगिता गेनपाकू व सहकाऱ्यांनी डच शरीररचनाग्रंथाचे भाषांतर प्रसिद्ध केले. मज्जातंतूसाठी ‘शिंकेइ’ हा शब्द त्यातूनच आला. १८७१ मध्ये सरंजामी संस्थाने बरखास्त झाली, १८७२ मध्ये सार्वत्रिक शिक्षणाचा हुकूम निघाला. त्याच सुमारास मोरी आरिनोरी यांनी इंग्रजी स्वीकारण्याचा विचार मांडला. तो मान्य झाला नाही. ‘समाज’ या कल्पनेसाठी ‘शाकाइ’ रूढ झाला. भाषांतरकारांनी परिभाषेची मशागत आधीच केली होती, म्हणून शाळांत नवे ज्ञान जपानीतून शिकवता आले.