अभ्रा शिवण्यापूर्वी

छत्रपती संभाजीनगर

चि. अनिरुद्धास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. नोकरीच्या गावी स्वतंत्र खोली घेऊन तू संसाराच्या लहानसहान वस्तूंची तजवीज करू लागला आहेस, आणि त्यांतही उशांचे अभ्रे बाजारातून विकत न आणता स्वतःच्या हाताने शिवावेत असा तुझा मनोदय आहे, हे वाचून मला जो संतोष झाला तो शब्दांत मांडणे कठीण आहे. ज्या वस्तूवर मनुष्य रोज रात्री सात-आठ तास आपला चेहरा टेकवतो ती वस्तू कशाची केली आहे, तिची शिवण कोठे टोचते आणि ती धुण्यास किती टिकते, याचा विचार करणारे लोक फार थोडे असतात. तू तो केलास, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

टाका कोणता घालावा, असा तुझा पहिला प्रश्न आहे. माझ्या मते तो प्रश्न शेवटचा होय. शिवणकामातील अर्धेअधिक काम सुईत दोरा ओवण्यापूर्वीच व्हावयाचे असते. ते ज्याने नीट केले त्याचा वाकडातिकडा टाकाही चालून जातो, आणि ज्याने ते टाळले त्याच्या सुबक टिपेचा काही उपयोग होत नाही. कापडाची निवड, त्याचे धुणे, त्याचे माप आणि त्याची सरळ कापणी या चार गोष्टींत कसूर करू नकोस, ही माझी तुला पहिली आणि मुख्य ताकीद आहे.

प्रथम कापडाविषयी. आजीच्या पेटीत निघालेल्या हिमरूच्या तुकड्याचा अभ्रा करावा असे तू लिहितोस. तुझी भावना मी जाणते. परंतु तो तुकडा या कामासाठी कापू नकोस. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली आपली राजधानी देवगिरीस आणली तेव्हा त्याच्यामागून आलेल्या विणकरांनी हिमरू विणण्याची कला या प्रदेशात रुजवली, अशी आपल्याकडील परंपरा सांगते. हिमरूचा ताणा सुताचा असतो आणि नक्षी उठते ती बाण्यात घातलेल्या जादा रेशमी धाग्यांनी. तो तुकडा एकदा उलटून पाहा. सुलट बाजूस जी वेल इतकी रेखीव दिसते तिचेच धागे उलट बाजूस एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत मोकळे पसरलेले दिसतील. अशा कापडाला कात्री लागली की कडेचे धागे सुटू लागतात, उशी आत सरकवताना ते नखांत अडकतात, आणि केसांच्या तेलासाठी अभ्र्याला जे वारंवार गरम पाणी व साबण लागतात ते तर त्याला मुळीच मानवत नाहीत. त्या तुकड्याचे पुढे बैठकीच्या तक्क्यासाठी काहीतरी करू; तोपर्यंत तो मलमलीत गुंडाळून ठेव.

रोजच्या अभ्र्याला सुती कापडच हवे. तुझ्या खोलीत मे महिन्यात काय उकाडा होत असेल याची मला कल्पना आहे. टेरिकॉट घाम शोषत नाही, आणि झोपलेल्या माणसाला ते सारखे कूस पालटावयास लावते. पॉपलिन किंवा कँब्रिक घे. जाडसर पोत आवडत असेल तर खादी घे. खादी घ्यावीस असे मला मनापासून वाटते, कारण ज्या नांदेडच्या खादीचा राष्ट्रध्वज होतो तो जिल्हा आपल्याच मराठवाड्यातला आहे. आपल्या या शहरातही सूत काढण्याची व कापड विणण्याची गिरणी १८८९ साली उभी राहिली होती, आणि १९०० साली रेल्वे आल्यावर सरकी काढण्याचे कारखाने निघाले. भोवतालच्या काळ्या जमिनीत पिकणारा कापूस गठ्ठे बांधून परमुलखी जावा आणि त्याच प्रांतातल्या मुलाने कृत्रिम धाग्यावर डोके ठेवून झोपावे, हे मला पटत नाही. दिवाळीला येशील तेव्हा गुलमंडीवर किंवा टिळकपथावर माझ्याबरोबर चल. कापड बोटांत चुरगळून सोडल्यावर त्याच्या सुरकुत्या कशा वागतात आणि प्रकाशासमोर धरल्यावर त्याची वीण दाट की विरळ दिसते, हे मी तुला ताक्यावरच दाखवीन.

आता मापाचा तपशील. दुकानदार कापड मीटरने देतो आणि शिवणारा इंचांनी मोजतो, म्हणून दोन्ही आकडे लिहून घे. आपल्याकडील सर्वसाधारण उशी १७ इंच रुंद व २७ इंच लांब असते. परंतु या आकड्यावर विसंबून न राहता आपल्याच उशीची खातरजमा करावी. भरलेल्या उशीवर मोजपट्टी आडवी ठेवून माप घेतलेस तर ते हमखास कमी भरते, कारण फुगवट्यात गेलेली रुंदी त्यात धरली जात नाही. म्हणून पट्टी उशीच्या मध्यावरून पूर्ण वळसा घालून आण आणि येईल त्या आकड्याचे निम्मे कर. लांबीचेही तसेच.

बटण, काज, बंद यांच्या फंदात पहिल्या अभ्र्याला पडू नकोस. एकाच लांब पट्टीचा, तोंडाशी आत दुमडलेले झाकण असलेला अभ्रा नवशिक्यास सर्वांत सोपा. त्याची लांबी अशी: पाठ २७, पोट २७, झाकण ६, आणि दोन्ही टोकांच्या दुमडीसाठी एकेक इंच, मिळून ६२ इंच. रुंदी १७ अधिक दोन्ही बाजूंच्या शिवणीसाठी अर्धा-अर्धा इंच, मिळून १८. हे पाहून ३६ इंच पन्ह्यात दोन अभ्रे बरोबर बसतील असे कोणासही वाटेल, आणि फसगत होते ती येथेच. कारण कोरे सुती कापड पाण्यात पडले की आटते, आणि शंभरात पाच इतके आटले तरी ३६चे ३४ होतात. तेव्हा ४४ इंच पन्ह्याचे पावणेदोन मीटर कापड घे. धुतल्यानंतरही त्यात दोन अभ्रे निघून पाचसहा इंचांची पट्टी उरेल.

ते कापड कापण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजव, सकाळी साबणाने धू आणि किंचित ओलसर असतानाच इस्त्री कर. मागावर ताणून धरलेले सूत पहिल्या पाण्यात आपल्या मूळ लांबीकडे परतते, आणि अंगची खळही निघून जाते. हा शिरस्ता मोडून शिवलेला अभ्रा पहिल्याच धुण्यानंतर उशीवर चढत नाही. मग कापताना खडूच्या रेघेवर भरवसा ठेवू नकोस. काठाला बारीक छेद देऊन आडव्या विणीतला एकच धागा चिमटीत धर आणि हलकेच ओढ. कापड त्या धाग्याभोवती चुणेल, धागा निघत जाईल आणि त्याच्या जागी केसाएवढी रिकामी वाट उमटेल. धागा मध्येच तुटला तर तेथवर कापून त्याचे टोक पुन्हा शोधावे. त्या वाटेवरून कात्री चालव. उभ्या बाजूसही हेच करावयाचे आहे. या कामी अर्धा तास जाईल. तो जाऊ दे. विणीला धरून कापलेला अभ्रा कितीही धुतला तरी पिळवटत नाही.

शिवणकामाचे यंत्र नाही म्हणून तू खंत करतोस, ती अनाठायी आहे. अमेरिकेत इलायस हाउने दोन दोऱ्यांच्या टिपेच्या यंत्राचे पेटंट घेतले ते १८४६ साली. त्यापूर्वी जगातील जहाजांची शिडेसुद्धा माणसांनी हातानेच शिवली. तुला उलटी टीप आली म्हणजे पुरे. सुई वर काढावी, एक टाका मागे जाऊन खाली घालावी आणि निघालेल्या जागेच्या तितकीच पुढे पुन्हा वर काढावी. इंचाला आठ टाके पडले तर उत्तम, सहा पडले तरी हरकत नाही. मात्र जे अंतर धरशील ते शेवटपर्यंत राख. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नये. लांब दोरा गुंतण्यातच अधिक वेळ जातो.

क्रम असा ठेव. आधी दोन्ही टोके पाव इंच व मग पाऊण इंच दुमडून हातशिलाई घाल. नंतर अभ्रा तयार झाल्यावर जसा दिसेल तसाच, म्हणजे सुलट बाजू बाहेर आणि झाकण आत, घडी घालून दोन्ही लांब कडा पाव इंचावर शिव. शिवणीबाहेरचे कापड निम्मे छाटून टाक, अभ्रा उलटा कर, कोपरे बोथट काडीने बाहेर काढ, इस्त्री फिरव आणि त्याच कडांना पाव इंचावर दुसरी शिवण घाल. पहिल्या शिवणीच्या कच्च्या कडा दुसरीच्या पोटात कायमच्या बंद होतात, यालाच शिवणकामात फ्रेंच शिवण म्हणतात. झाकणाजवळ कापडाचे तीन पदर येतात, तेथे सुई जड जाईल. बोटात अंगुस्तान घाल आणि एकेक टाका स्वतंत्रपणे ओढून घे. शिवणीचा आरंभ व शेवट जागच्या जागी तीन टाके घेऊन पक्का कर, नुसत्या गाठीवर सोडू नकोस.

पहिला अभ्रा झाला की दुसरा लगेच शिवावयास घेऊ नकोस. पहिला आठवडाभर वापर, एकदा धू, आणि मग इस्त्री न करता, आतली बाजू बाहेर करून मला पोस्टाने पाठव. कोणत्या जागी दोरा जास्त ओढला गेला आणि कोठे ढिला राहिला, तेथे मी लाल दोऱ्याची खूण करून तो परत पाठवीन. दुसरा त्यानंतर कर. माझ्याजवळ दोन अंगुस्ताने आहेत, त्यांपैकी लहान तुझ्या बोटाला होईलसे वाटते. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचा घेर दोऱ्याने मोजून उत्तरात कळव.

प्रकृतीस जपावे.

तुझी,
आत्या