अपघातस्थळी पहिली दहा मिनिटे

रस्त्यावर मोटारीचा अपघात झाला की क्षणात गर्दी जमते. त्यातले बहुतेक जण मनापासून मदत करायला धावलेले असतात. पण काय करावे आणि काय करू नये, हे ठाऊक नसल्याने जखमीला कधी कधी मदतीनेच इजा होते. दवाखान्यात येणाऱ्या अनेक जखमींच्या बाबतीत हे आम्हा डॉक्टरांना दिसते. म्हणून रुग्णवाहिका येईपर्यंतच्या दहा मिनिटांत सामान्य माणसाने काय करावे, ते आज पाहू.

आधी स्वतःची सुरक्षितता

आपली गाडी रस्त्याच्या कडेला, अपघातापासून थोडी दूर उभी करा आणि चारही इंडिकेटर लावा. एकाला बऱ्याच अंतरावर, रस्त्याच्या कडेला उभे करून मागून येणाऱ्या वाहनांना इशारा द्यायला सांगा. रात्री त्याच्या हाती बॅटरी द्या. अपघातग्रस्त गाडीची किल्ली फिरवून इंजिन बंद करा. पेट्रोल सांडले असण्याची शक्यता असते, म्हणून विडी-सिगारेट कोणीही पेटवू नये.

लगेच १०८ क्रमांकावर फोन करा. ही रुग्णवाहिका सेवा मोफत आहे. पोलिसांसाठी ११२ आहे. ठिकाण नेमके सांगा : कोणता रस्ता, कोणत्या गावाचा फाटा, जवळच्या कि.मी.च्या दगडावरचा आकडा. जखमी किती आणि गाडीत कोणी अडकले आहे का, हेही सांगा.

गप्प पडलेल्याकडे प्रथम पाहा

जो ओरडतो आहे, त्याचा श्वास चालू आहे, हे उघड आहे. खरा धोका गप्प पडलेल्याला असतो. बेशुद्ध माणूस उताणा पडला की जीभ मागे पडून किंवा रक्त, उलटी घशात जाऊन श्वास कोंडतो. दोघा-तिघांनी मिळून डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून त्याला अलगद कुशीवर वळवा. तोंडात दिसणारी माती किंवा तुटलेले दात बोटाने बाहेर काढा. कपडे सैल करा, गर्दी हटवा. श्वास अजिबात नसेल, तर त्याला उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोराने दाब द्या. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत.

रक्तस्राव

भळभळ रक्त वाहत असेल, तर स्वच्छ रुमाल, उपरणे किंवा ओढणीची घडी जखमेवर ठेवून तळव्याने घट्ट दाबून धरा. थांबले का, हे पाहण्यासाठी सारखे उचलू नका. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवा. जखमेत काच किंवा सळई रुतली असेल तर ती उपसू नका. तिच्या बाजूने दाब द्या. हळद, चहापूड, चुना, माती यांपैकी काहीही भरू नका. हातापायाला तार किंवा सुतळी करकचून बांधू नका.

ओढाताण नको

मानेचा किंवा पाठीचा मणका मोडला असेल, तर जखमीला उठवून बसवल्याने मज्जारज्जूला इजा होऊन हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. आग, पाणी किंवा पुन्हा धडक बसण्याची भीती नसेल, तर त्याला आहे तिथेच राहू द्या आणि डोके दोन्ही हातांनी स्थिर धरा. रुग्णवाहिका येणारच नसेल, तर फळीवर किंवा दारावर आडवे ठेवून जीप, टेंपोतून न्या. रिक्षात गुडघे दुमडून कोंबू नका. हेल्मेट असेल तर श्वास अडत नसताना काढू नका.

जखमीला पाणी, चहा, दूध काहीही पाजू नका. बेशुद्धाच्या फुप्फुसात ते जाऊ शकते आणि शुद्धीवर असलेल्यालाही भूल द्यावी लागली तर त्याचा त्रास होतो.

“मला काही झाले नाही” म्हणून उठून चालू लागणाऱ्यालाही तपासून घ्यावे. पोटात किंवा डोक्यात आतून रक्तस्राव असू शकतो. वारंवार उलट्या, गुंगी, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, पोट दुखणे, फिकट पडून गार घाम येणे, यांपैकी काहीही दिसल्यास एक तासही थांबू नका.

पोलिसांची भीती नको

“नसते लचांड मागे लागेल,” या धास्तीने अनेक जण पुढे होत नाहीत. ही भीती आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. मदतनीसावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. शिवाय २०२५ च्या केंद्रीय योजनेनुसार रस्ता अपघातातील जखमीवर नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख रक्कम न भरता होऊ शकतात.

गाडीत एक बॅटरी, दोन-तीन स्वच्छ पंचे आणि लाल परावर्तक त्रिकोण कायम ठेवावा. आणि चार गोष्टी घरातल्या सर्वांना सांगून ठेवाव्यात : १०८ ला फोन, श्वासमार्ग मोकळा, रक्तावर दाब, मानेला धक्का नाही.