मरळ : एका प्राचीन मत्स्यकुलाचा परिचय

बालाघाट जिल्हा हा वैनगंगेच्या खोऱ्यातील भातपिकाचा प्रदेश आहे. पावसाळ्यात नाले, तलाव आणि भाताच्या बांध्या यांचे पाणी एक झाले, की मरळ मासा बांध्यांतही शिरतो. पाण्याबाहेर बराच वेळ जिवंत राहत असल्याने बाजारात त्यास चांगला भाव मिळतो. या माशाच्या कुलाचा इतिहास मात्र फारच थोड्यांना ठाऊक असतो.

वर्गीकरण

मरळीचे शास्त्रीय कुल 'चन्निडी' होय. त्यात दोन प्रजाती येतात : आशियातील 'चन्ना' आणि आफ्रिकेतील 'पॅराचन्ना'. जर्मन शास्त्रज्ञ ब्लॉख यांनी १७९३ मध्ये मरळीच्या दोन भारतीय जातींचे वर्णन केले. डोक्यावरील मोठे खवले सापासारखे दिसल्यामुळे त्यांनी प्रजातीस 'सर्पशीर्ष' अशा अर्थाचे 'ऑफिसेफॅलस' हे नाव दिले. जुन्या पाठ्यपुस्तकांत तेच आढळते. परंतु स्कोपोली यांचे 'चन्ना' हे नाव १७७७ चे, म्हणजे अधिक जुने. पोटाखालचे पर नसलेल्या माशांपुरते ते वापरले जाई. पुढे दोन्ही गट एकच ठरले आणि जुने नाव मान्य झाले.

उत्क्रांती

या कुलाचे सुमारे साडेचार ते पाच कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म पाकिस्तानात सापडले आहेत. मरळीच्या कल्ल्यांच्या वर हवा घेणारी पोकळी असते. त्यामुळे आटत्या, गढूळ डबक्यातही ती तग धरते. उलट पृष्ठभागावर येऊ न दिल्यास पाण्यातच गुदमरून मरते.

२०१८ च्या महापुरानंतर केरळमधील एका भातखाचरात एक निराळाच मासा आढळला. भूगर्भातील पाण्यात राहणाऱ्या या माशास २०१९ मध्ये 'एनिग्माचन्ना' हे नाव मिळाले. त्याला हवा घेणारी पोकळी नाही. म्हणून राल्फ ब्रिट्झ, नीलेश डहाणूकर प्रभृती संशोधकांनी २०२० मध्ये त्यासाठी स्वतंत्र कुल स्थापले. मरळीचा हा निकटचा आप्त आजवर जमिनीखाली दडून राहिला होता.

संरक्षण

मरळ पाणवनस्पती बाजूला सारून घरटे करते. अंडी पाण्यावर तरंगतात. ती व पिले यांची राखण पालक मासे करतात. लालसर पिलांचा थवा दिसला, की खाली पालक आहे हे ओळखून काही जण नेमका त्यालाच पकडतात. राखणदार गेला, की संपूर्ण थवा इतर माशांच्या भक्ष्यस्थानी पडतो. मध्यप्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात नद्यांत व त्यांना जोडलेल्या जलाशयांत मासेमारीस मनाई असते, ती माशांच्या प्रजननाचा काळ म्हणून. नदीशी संबंध नसलेल्या लहान तलावांना हा नियम लागू नाही. तेथे पिलांचा थवा दिसताच गळ व जाळे आवरते घेणे हे गावकऱ्यांच्याच हाती आहे. कोट्यवधी वर्षे टिकलेल्या या कुलाची गावच्या तलावातील पुढची पिढी त्या संयमावरच अवलंबून आहे.