काचेकडची बाजू

चि. मुक्ता,


नरिमन पॉइंटच्या त्या जुन्या इमारतीतला अख्खा मजला तुझ्या हाती आला, फार आनंद झाला. तुझा नकाशा नीट पाहिला. एकत्र बसून काम करण्यासाठी मजला मोकळा करते आहेस, तरी साहेबांच्या केबिनी मात्र समुद्राकडच्या काचेलाच चिकटल्या आहेत. त्या आधी तिथून काढ. लिफ्ट आणि जिन्याच्या अंगाला, जिथे तसाही उजेड पोचत नाही, तिथे बंद खोल्या घाल.

सत्तरच्या दशकातल्या अशा इमारतींत भार खांब-तुळया वाहतात, त्यामुळे मधल्या विटांच्या भिंती बहुधा निर्धास्त पाडता येतात. लिफ्टभोवतीची काँक्रीटची भिंत वेगळी. स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय तिला भोकही पाडू देऊ नकोस.

जुन्याला धक्का न लावता नवी गरज कशी भागवावी, हे पाहायला रॉटरडॅमच्या फान नेले कारखान्याचे नकाशे मिळव. चहा, कॉफी, तंबाखूसाठी बांधलेली ती वास्तू १९३१ साली पुरी झाली. २०१४ पासून ती जागतिक वारसा आहे. कारखाना बंद झाल्यावर तिथे कार्यालयं आली, तेव्हा पोलादी चौकटीतली मूळची एकेरी काच वास्तुतज्ज्ञ वेसेल दे याँगे यांनी राखली आणि आत अंतर सोडून दुसरी काचेची भिंत उभी केली. ऊन, थंडी, आवाज मधल्या पट्ट्यात अडतात. मला हे काम अतिशय प्रिय आहे. गरज नवी होती, तरी जुन्यावर घाव घालावा लागला नाही.

तुझी खरी अडचण आवाजाची असेल. काँक्रीट, काच, मोझेक, तिन्ही आवाज परतवतात. एकाचा फोन साऱ्या मजल्याने ऐकला की आठवड्याभरात लोक कानात हेडफोन घालून बसतात, मग कसलं एकत्र काम? फोनसाठी छोट्या बंद खोल्या सढळ हाताने दे, टेबलांवर स्लॅबखाली नमद्याचे पट्टे टांग. फॉल्स सीलिंग सरसकट नको. एसीचे डक्ट मधल्या वाटेवरून ने; काचेपाशी स्लॅबची पूर्ण उंची राहिली तर उजेड आतपर्यंत येईल. मोझेकवर नव्या टाइल्स चढवू नकोस, पॉलिश करून घे.

पुढची रेघ ओढण्याआधी एक अख्खा दिवस त्या रिकाम्या मजल्यावर काढ. पश्चिमेचं ऊन दुपारी कुठवर येतं, ते खडूने जमिनीवर आखून ठेव. मग नवा नकाशा पाठव, आणि सोबत जुनी स्ट्रक्चरल ड्रॉइंग्ज. इमारतीच्या ऑफिसात विचार, असतील.

तुझा,
मामा