खेळांतील मोटार व तिचा दुबळा भाग

दिवाळीच्या सुटीनंतर नववींतील एक मुलगा व त्याचे वडील एका पिशवींत मोडक्या मोटारीचे तुकडे घेऊन माझ्याकडे आले. बिनतारी संदेशानें चालणारी, खऱ्या मोटारीच्या एकदशांश मापाची ती गाडी मुलानें वर्षभर पैसे सांठवून घेतली होती. पुढचें चाक धरून ठेवणारा नायलॉनचा आर्म दोनदां मोडला, म्हणून चाकणच्या एका कारखान्यांत लेथवर काम करणाऱ्या वडिलांनीं अ‍ॅल्युमिनियमचा भक्कम आर्म स्वतः घडवून दिला. तिसऱ्या टकरींत त्या आर्मला ओरखडाहि पडला नाहीं. मात्र तो ज्या ठोकळ्यावर बसविला होता तो ठोकळा आणि चेसिस हीं दोन्ही फुटलीं. मुलगा म्हणे, बाबांनीं गाडी बिघडविली. वडील म्हणत, मालच हलका. खरें सांगावयाचें तर अ‍ॅल्युमिनियमचा सल्ला मींच दिला होता, म्हणून हा पाठ लिहिणें मला भाग आहे.

टक्कर होते तेव्हां गाडीच्या अंगची ऊर्जा कोठें तरी जिरावी लागते. नायलॉन वांकतें, वांकतांना कांहीं ऊर्जा गिळतें, आणि फारच झालें तर स्वतः मोडून बाकीच्यांस वांचवितें. घरांतील फ्यूजची तार तरी दुसरें काय करते? अ‍ॅल्युमिनियमच्या आर्मनें तो धक्का जशाचा तसा मागें सोंपविला. स्टिअरिंगच्या सर्व्होजवळची स्प्रिंगहि अशीच मुद्दाम नरम ठेवलेली असते. ‘ढिली आहे’ म्हणून ती कोणी पार आवळली, तर सर्व्होचे इवले दांते तुटलेच म्हणून समजावें.

मोठ्या मोटारींत हें तत्त्व आणणारा अभियंता बेला बारेनी. त्याच्या पेटंटास १९५२ सालीं मान्यता मिळाली. माणसें बसतात ती पेटी कणखर, पण पुढचा व मागचा भाग चेपणारा, अशी ती योजना. १९६६ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या ए.आर.ए.आय. या संस्थेच्या चाकण येथील केंद्रांत गाड्या आदळवून पाहण्याची सोय आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एन्कॅपच्या समोरासमोरच्या चाचणींत मोटार ताशीं ६४ किलोमीटर वेगानें, मधाच्या पोळ्यासारख्या अ‍ॅल्युमिनियमच्या अडथळ्यावर सोडतात. पुढचा भाग चेपला एवढ्यानें गाडी नापास होत नाहीं. आंतील पुतळ्यांच्या डोक्याला व छातीला किती धक्का पोहोंचला तें मोजतात.

आतां वेगाविषयीं. एकदशांश गाडी ताशीं ४० किलोमीटर धांवली म्हणजे खऱ्या गाडीचे ४०० झाले, असें मुलें अभिमानानें सांगतात. हें गणित डौलाचें आहे, टकरीचें नव्हे. माप दहावा हिस्सा झालें कीं वजन हजारावा हिस्सा होतें, आणि धक्का जिरविणारें द्रव्यहि हजारावा हिस्साच उरतें. म्हणून प्रत्येक ग्रॅमच्या वांट्याला काय येणार तें खऱ्या वेगावरच ठरतें. ताशीं ४० किलोमीटरनें भिंतीवर आदळणें म्हणजे सुमारें २० फुटांवरून पडणें. वेग ८० केला तर ४० फूट नव्हे, ८० फुटांहून अधिक! ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें सूत्र आपण वर्गांत कितीदां घोकलें आहे!

त्या वडिलांनीं आतां नायलॉनचाच आर्म परत बसविला असून पुढें फोमचा जाड बंपर लावून दिला आहे. दोन जादा आर्म मुलाच्या दप्तरांत असतात. नव्या चेसिसचा निम्मा खर्च मीं देऊं केला. मुलानें तो नाकारला नाहीं.